मोटारसायकलचे डायनो ट्यूनिंग: खर्च कशावर करावा आणि कधी करू नये

मोटारसायकलला नवीन एग्झॉस्ट बसवला आणि एअर फिल्टर बदलला की पुढचा सल्ला ठरलेला असतो: आता डायनोवर नेऊन मॅप करून घे. डायनो म्हणजे चाकावर पोहोचणारी ताकद मोजणारे यंत्र, आणि मॅप म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे व ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा तक्ता. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणत्या गाडीला, किती तासांचे आणि नेमके कोणते काम करून घ्यायचे, याबद्दल त्यात काहीच नसते. त्यामुळे तीस-चाळीस हजार रुपये मोजून मालकाच्या हाती एक रंगीत आलेख पडतो, त्यावर एक मोठा आकडा छापलेला असतो, आणि गाडी मात्र सिग्नलवरून निघताना पूर्वीसारखेच झटके मारत राहते. डायनो ट्यूनिंगमध्ये खरी किंमत ट्यूनरच्या वेळेची असते, आणि तो वेळ मॅपच्या कोणत्या भागावर खर्च झाला यावर पैसे वसूल झाले की वाया गेले हे ठरते. पुढील मार्गदर्शन रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या, फ्युएल इंजेक्शन असलेल्या आणि रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

डायनो नेमके काय मोजतो

डायनो मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि पैसे देण्यापूर्वी समोरचा डायनो कोणत्या प्रकारचा आहे हे विचारलेच पाहिजे. पहिल्या प्रकारात मागचे चाक एका जड रोलरवर ठेवून गाडी एका गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलने पळवतात. रोलरचे जडत्व आधीच माहीत असल्यामुळे तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून चाकावर पोहोचणारी ताकद काढता येते. हा इनर्शिया डायनो. त्याची एक रन काही सेकंदांत संपते आणि 'आधी' व 'नंतर' यांची तुलना करण्यासाठी तो उत्तम असतो. दुसऱ्या प्रकारात रोलरला बहुधा एडी करंट (विद्युतचुंबकीय) ब्रेक जोडलेला असतो. त्यामुळे ट्यूनर गाडीवर हवा तेवढा भार देऊ शकतो आणि समजा ३,५०० आरपीएम व १० टक्के थ्रॉटल अशा एका बिंदूवर इंजिन स्थिर धरून ठेवू शकतो. हा लोड डायनो.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे मॅपची रचना पाहिल्यावर कळते. ईसीयूमधला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातला) किंवा पिगीबॅक उपकरणातला (ईसीयूला बाहेरून जोडून त्याचे आकडे बदलणाऱ्या खोक्यातला) मॅप हा सोप्या भाषेत एक तक्ता असतो. आडव्या ओळींत आरपीएम, उभ्या स्तंभांत थ्रॉटलची उघडझाप, आणि प्रत्येक चौकोनात किती पेट्रोल द्यायचे किंवा कंपनीने ठरवलेल्या प्रमाणात किती टक्के कमी-जास्त करायचे याचा आकडा. समजा १,५०० ते ७,५०० आरपीएमपर्यंत दर २५० आरपीएमला एक ओळ धरली तर २५ ओळी होतात, आणि थ्रॉटलचे नऊ स्तंभ धरले तर एकूण २२५ चौकोन. पूर्ण थ्रॉटलची रन कितीही वेळा घेतली तरी ती फक्त शेवटच्या स्तंभातल्या २५ चौकोनांना स्पर्श करते. उरलेले दोनशे चौकोन जसेच्या तसे राहतात.

आता आपण त्यांपैकी कोणते चौकोन वापरतो हे पाहावे. इंटरसेप्टरसारखी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटर वेगाने चालवायला, चालकाचे वजन आणि हवेचा रोध धरून, चाकावर साधारण नऊ-दहा पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) लागतात. इंजिनाची जाहीर ताकद सुमारे ४७ पीएस आहे. म्हणजे पुणे-सातारा प्रवासात घाटाचा चढ आणि ट्रकना ओलांडण्याचे क्षण सोडले तर थ्रॉटल जवळजवळ नेहमी पाव भागाच्या आत असतो, आणि शहरात तर त्याहूनही कमी. ज्या स्तंभांत गाडीचे ऐंशी-नव्वद टक्के आयुष्य जाते, त्यांना हात न लावता केलेल्या कामाला 'कस्टम मॅप' म्हणणे धाडसाचे आहे. तरीही तीन-चार पूर्ण थ्रॉटल रन, थोडी दुरुस्ती आणि तासाभरात गाडी परत, असे काम याच नावाने सर्रास विकले जाते.

ड्रॅग रेसच्या गाडीसाठी शेवटचा स्तंभच महत्त्वाचा असतो, हे मान्य. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळणाऱ्या गाडीला १० टक्के थ्रॉटलचे काय? पण तीच गाडी दुसऱ्या दिवशी ऑफिसला न्यायची असेल तर हिशेब बदलतो.

पेट्रोल, ठिणगी आणि ऑक्सिजन सेन्सर

ट्यूनर दोन गोष्टी बदलतो: हवेच्या तुलनेत पेट्रोलचे प्रमाण आणि ठिणगी पडण्याची वेळ. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर सर्वाधिक ताकद त्याहून थोड्या रिच, म्हणजे जास्त पेट्रोल असलेल्या, मिश्रणावर, साधारण १२.५ ते १३.२ या पट्ट्यात मिळते. मिश्रण लीन झाले, म्हणजे पेट्रोल कमी पडले, की इंजिन तापते, पिकअप अडखळतो आणि थ्रॉटल सोडल्यावर एग्झॉस्टमधून फटाके वाजतात. जास्त रिच झाले तर अ‍ॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात आणि जास्तीचे पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळते.

यात आपल्याकडे इथेनॉलची भर पडली आहे. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे योग्य प्रमाण साधारण १४.१ येते, तर २० टक्के मिश्रणाचे १३.५ च्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बारकाईने बसवलेला मॅप नव्या पेट्रोलवर, जिथे ईसीयू स्वतःहून दुरुस्ती करत नाही त्या भागात, सुमारे चार टक्के लीन होतो. काही वर्षांपूर्वी करून घेतलेला मॅप आज तपासून घेणे त्यामुळे गैरवाजवी नाही. परदेशातून उतरवून घेतलेला तयार मॅप आपल्या गाडीला तसाच चालेल असे गृहीत धरणे मात्र नक्कीच चुकीचे आहे. तिथले पेट्रोल वेगळे असते आणि अनेकदा त्याच नावाच्या गाडीचा मूळ मॅपही वेगळा असतो. इथेनॉलच्या मिश्रणामुळे कागदावरच्या हवा-पेट्रोल प्रमाणाचे आकडे फसवे ठरतात, म्हणून जाणकार ट्यूनर लॅम्डाच्या भाषेत बोलतो: लॅम्डा १ म्हणजे त्या इंधनासाठी अचूक प्रमाण, आणि पूर्ण ताकदीसाठी साधारण ०.८६ ते ०.९०. ट्यूनरला लॅम्डाबद्दल विचारून पाहावे. उत्तर कसे येते यावरून बरेच काही कळते.

ठिणगीच्या वेळेबाबत लोड डायनोला पर्याय नाही. ट्यूनर इंजिन एका आरपीएमवर स्थिर धरतो, ठिणगी एकेक अंशाने अलीकडे आणतो आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) वाढतो का ते पाहतो. ज्या अंशानंतर टॉर्क वाढायचे थांबते तिथे तो थांबतो आणि सुरक्षेसाठी एखादा अंश मागे येतो. नॉकिंग, म्हणजे मिश्रण वेळेआधी अनियंत्रित पेटण्याची घंटीसारखी किटकिट, रस्त्यावर हेल्मेटच्या आत ऐकू येईलच असे नाही. ती ऐकू येईपर्यंत पिस्टनला इजा झालेली असू शकते. काही स्वस्त पिगीबॅक उपकरणे फक्त पेट्रोल बदलतात, ठिणगीला हात लावत नाहीत. अशा उपकरणासाठी 'संपूर्ण ट्यूनिंग'चा दर देण्याचे कारण नाही.

ऑक्सिजन सेन्सरचा मुद्दा बहुतेक ग्राहकांच्या नजरेतून सुटतो. बीएस-६ गाडी मंद आणि स्थिर वेगात असताना ईसीयू एग्झॉस्टमधल्या सेन्सरकडे पाहून मिश्रण सतत लॅम्डा १ कडे ओढत असतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. या पट्ट्यात ट्यूनरने पिगीबॅकमधून पाच टक्के पेट्रोल वाढवले तर ईसीयूला ते 'जास्त' वाटते आणि काही किलोमीटरांत तो ते कापून टाकतो. गाडी डायनोवर छान चालली आणि आठवड्याने पुन्हा होती तशी झाली, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून क्लोज्ड लूपचा पट्टा कसा हाताळणार, हा प्रश्न आगाऊ रक्कम देण्याच्या आधी विचारावा. सेन्सरचा संदेश थोडा सरकवणारे मॉड्यूल लावणार, ईसीयू फ्लॅश करून, म्हणजे त्यातले सॉफ्टवेअर नव्याने लिहून, त्यातले लक्ष्यच बदलणार, की तो भाग तसाच ठेवून फक्त वरच्या पट्ट्यात काम करणार, यांपैकी कोणतेही उत्तर प्रामाणिक असू शकते. उत्तरच नसेल तर दुसरा ट्यूनर शोधावा.

कोणत्या गाडीला गरज आहे

गाडी पूर्णपणे मूळ अवस्थेत असेल तर कस्टम ट्यूनिंगवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीने मूळ मॅप प्रदूषणाची मर्यादा, टिकाऊपणा, उंची आणि तापमान अशा सगळ्या गोष्टींचा मेळ घालून महिनोन्‌महिने तयार केलेला असतो. त्यात सुधारणेला जागा असते, पण ती फार थोडी असते. मंद वेगातला झटका एवढीच तक्रार असेल तर आधी थ्रॉटल बॉडी साफ करावी, चेनचा ताण आणि थ्रॉटल केबलची ढिलाई पाहावी आणि प्लग तपासावेत. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

फक्त स्लिप-ऑन (मागच्या टोकाचा) सायलेन्सर बदलला असेल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेला पुढचा पाइप मूळचाच असेल, तर हवेचा प्रवाह फारसा बदलत नाही. बहुतेक गाड्यांचा ईसीयू तेवढा फरक सामावून घेतो. अशा वेळी संपूर्ण ट्यूनिंगऐवजी पैसे देऊन केवळ मोजणी करून घ्यावी: दोन-तीन रन आणि सोबत वाइडबँड (मिश्रणाचे प्रमाण नेमक्या आकड्यात मोजणाऱ्या) सेन्सरने घेतलेला लॅम्डाचा आलेख. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८५ ते ०.९२ च्या दरम्यान राहिला तर निश्चिंतपणे घरी जावे. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी विकली जाणारी सेवा आहे.

फुल सिस्टिम (इंजिनापासून टोकापर्यंत पूर्ण नवा) एग्झॉस्ट आणि जास्त हवा सोडणारा फिल्टर दोन्ही बसवले असतील तर ट्यूनिंगचा उपयोग होतो आणि तो चालवताना जाणवतो. बोअर वाढवली, कॅमशाफ्ट बदलला किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) वाढवले असेल तर ती गरजच आहे, कारण मूळ मॅपवर असे इंजिन लीन चालून पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांनाही डायनो उपयोगी पडतो. तिथे लॅपटॉपऐवजी मेन जेट, पायलट जेट आणि नीडलची क्लिप बदलावी लागते. प्रत्येक बदलासाठी कार्ब्युरेटर उघडावा लागत असल्याने वेळ अधिक जातो आणि मजुरीही त्याच हिशेबाने वाढते.

खर्चाचा हिशेब

आपल्याकडच्या मोठ्या शहरांतला ढोबळ अंदाज धरायचा तर नुसत्या मोजणीच्या तीन रनना दीड ते चार हजार रुपये लागतात. ईसीयू फ्लॅश आणि डायनोवरचे ट्यूनिंग मिळून दहा ते तीस हजारांच्या पट्ट्यात जाते. फक्त पेट्रोल बदलणारे साधे पिगीबॅक दहा हजारांच्या आसपास मिळते, तर ठिणगीसह मॅप बदलू देणारे उपकरण त्याच्या दुप्पट किंवा अधिक. मोठ्या आयात गाड्यांचे दर याहून बरेच वर जातात. फ्लॅशिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ईसीयूमागे ट्यूनरला परवाना विकत घ्यावा लागतो आणि तो खर्च बिलात येतो. तो स्वतंत्र दाखवायला सांगावे, म्हणजे मजुरी किती हे कळते.

बिलात न दिसणारा खर्च वेगळा असतो. डायनो सगळ्या गावांत नसतो. कोल्हापूर किंवा नाशिकच्या मालकाला गाडी पुण्या-मुंबईला न्यावी लागते आणि काम रेंगाळले तर तिथे मुक्काम करावा लागतो. आधी ऑइल, फिल्टर, प्लग आणि चेनचे काम करावे लागते. कधी डायनोवर क्लच घसरतो आहे हे उघड होते आणि क्लच प्लेटचा खर्च समोर येतो. पुढे वाढीव ऑक्टेनच्या (नॉकिंगला अधिक दाद न देणाऱ्या) पेट्रोलवर मॅप केला असेल तर प्रत्येक टाकीमागे फरक मोजत राहावा लागतो. इंटरसेप्टरचे कॉम्प्रेशन ९.५ आहे. अशा इंजिनाला १०० ऑक्टेनचा फायदा जवळजवळ नाहीच. ३९० ड्यूकसारख्या साडेबाराच्या पुढच्या कॉम्प्रेशनला तो मिळू शकतो, पण आतल्या तालुक्यात ते पेट्रोल मिळाले नाही की तोच मॅप धोक्याचा ठरतो. म्हणून ज्या पेट्रोलवर गाडी रोज चालते त्याच पेट्रोलवर ट्यूनिंग करून घ्यावे, आणि तिथे जाताना टाकीत तेच असावे.

एक उदाहरण घेऊ. फुल सिस्टिम बसवलेल्या गाडीसाठी उपकरण २०,००० रुपये, डायनो आणि मजुरी १२,०००, आधीची सर्व्हिस ४,००० आणि जाण्यायेण्याचे ४,००० असे एकूण ४०,००० रुपये झाले असे धरू. चाकावर तीन पीएस वाढले तर प्रत्येक पीएसमागे तेरा हजारांहून अधिक पडले. या मापाने पाहिले तर व्यवहार वाईट आहे. पुढचे १५ दात्यांचे स्प्रॉकेट काढून १४ दात्यांचे बसवले तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सात टक्क्यांनी वाढतो आणि खर्च त्याच्या एका छोट्या अंशाइतका येतो. अर्थात हायवेला आरपीएम तेवढेच वर जातात आणि वरचा वेग घटतो. ज्याला फक्त उठाव हवा आहे त्याने आधी हा पर्याय तपासावा. पण त्याच चाळीस हजारांत ३,००० ते ५,००० आरपीएममधला टॉर्कचा खड्डा भरून निघाला, झटके गेले, दुसऱ्या गिअरमध्ये गर्दीतून गाडी विनातक्रार चालू लागली आणि इंजिनाची आच कमी झाली, तर अशा मालकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील, मग आलेखावरचा वरचा आकडा अर्ध्या पीएसनेही हलला नसला तरी.

यावरून खर्चाचा एक नियम निघतो: आधी सगळे बदल पूर्ण करावेत आणि मगच ट्यूनिंगला जावे. दिवाळीला एग्झॉस्ट, पाडव्याला फिल्टर आणि प्रत्येक वेळी नवा मॅप, हा सर्वांत महागडा मार्ग आहे.

वॉरंटी, विमा आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथली रक्कम ट्यूनिंगच्या रकमेहून मोठी असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलांसाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्यास कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या लोखंडाखाली पुष्कळदा ट्यूनिंगचे पैसेही चिरडले जातात, कारण मूळ सायलेन्सर परत बसवला की त्या एग्झॉस्टसाठी केलेला मॅप निरुपयोगी होतो.

पीयूसी मिळाली म्हणजे मॅप योग्य आहे, असा समज करून घेऊ नये. दुचाकीची ती तपासणी आयडलला होते आणि पूर्ण भाराखाली गाडी काय सोडते याच्याशी तिचा संबंध नाही. उलट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर त्या साध्या तपासणीतही अडचण येऊ शकते. शिवाय एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यातल्या गाड्यांत ईसीयू स्वतःच्या उत्सर्जन यंत्रणेवर अधिक बारीक लक्ष ठेवतो, त्यामुळे छेडछाडीनंतर इंजिनाचा दिवा लागण्याची शक्यता वाढली आहे. वॉरंटीत असलेल्या गाडीचा ईसीयू फ्लॅश करण्याऐवजी काढता येणारे पिगीबॅक घेणे त्यातल्या त्यात कमी जोखमीचे. तरीही बदलामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारायला पुरेसा ठरू शकतो.

ट्यूनर निवडताना आणि डायनोवर जाण्यापूर्वी

ट्यूनरकडे आधी फोनवर तीन-चार गोष्टींची चौकशी करावी. डायनो लोड देऊ शकतो का. आंशिक थ्रॉटलचे किती स्तंभ तो प्रत्यक्ष डायनोवर बसवतो आणि किती अंदाजाने भरतो. गाडीला एकूण किती तास लागतील. आणि शेवटी मॅपची फाइल आपल्याला मिळेल का. दुचाकीचे पूर्ण काम तीन ते पाच तासांचे असते, ठिणगीही बदलायची असेल तर त्याहून अधिक. दिवसाला सात-आठ गाड्या करतो असे कोणी अभिमानाने सांगितले तर कोणते स्तंभ राहून जात असतील हे वेगळे सांगायला नको. दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी प्रत्येक सिलिंडरचे मिश्रण वेगळे मोजता येते का हेही विचारावे. बहुतेक ठिकाणी ते होत नाही, पण जिथे होते तिथे काम अधिक बारकाईचे असते.

गाडी नेण्यापूर्वी ताजे इंजिन ऑइल, स्वच्छ एअर फिल्टर, बरे प्लग आणि योग्य ताणाची, वंगण दिलेली चेन एवढे असावेच. मागच्या टायरमध्ये हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरावी आणि टायर फार झिजलेला नसावा, कारण तो रोलरवर घसरला तर आकडे निरर्थक होतात. एग्झॉस्टच्या जोडांत गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरला मिश्रण लीन भासते. ट्यूनर त्यावर पेट्रोल वाढवत जातो आणि चुकीचा मॅप तयार होतो. ही गळती साबणाच्या पाण्याने घरीही शोधता येते. टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. आणि गाडीच्या सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून न्याव्यात: कोणत्या गिअरमध्ये, साधारण किती आरपीएमवर, थंड असताना की तापल्यावर. 'पिकअप नाही' एवढ्या तक्रारीवर ट्यूनर काही करू शकत नाही. 'तिसऱ्या गिअरमध्ये ३,२०० ला थ्रॉटल हळू उघडला की अडखळते' यावर तो थेट त्या चौकोनात जाऊ शकतो.

आलेख वाचताना

पहिली रन कोणताही बदल करण्यापूर्वी घ्यायला लावावी आणि तिचा आलेख जपून ठेवावा. ती नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. चाकावरची ताकद कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी दिसली म्हणून घाबरू नये. कंपनी इंजिनाची ताकद क्रँकवर मोजते, आणि गिअरबॉक्स, चेन व टायर मिळून दहा-पंधरा टक्के खातात. त्यामुळे ४७ पीएसच्या इंटरसेप्टरचे चाकावर ४० ते ४२ येणे स्वाभाविक आहे.

हवामानाच्या दुरुस्तीकडे मात्र नीट पाहावे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी डायनोचे सॉफ्टवेअर मोजलेल्या ताकदीत नऊ-दहा टक्के मिळवून दाखवते, तर मुंबईत हीच दुरुस्ती तीन टक्क्यांच्या आसपास राहते. दुरुस्ती न केलेला पुण्याचा आकडा आणि केलेला मुंबईचा आकडा शेजारी ठेवले तर बसल्या जागी तीन-चार पीएसचा 'फरक' तयार होतो. दुरुस्तीचीही वेगवेगळी मानके आहेत. एसएई पद्धतीपेक्षा एसटीडी नावाची जुनी पद्धत त्याच रनला सुमारे चार टक्के अधिक दाखवते. म्हणून आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच डायनोवरचा, एकाच दिवसाचा, एकाच गिअरचा आणि एकाच मानकाचा असावा. आलेखाच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत मानक आणि दुरुस्तीचा गुणक लिहिलेला असतो, तो वाचावा. एवढे सांभाळूनही लागोपाठच्या दोन रनमध्ये एक-दोन टक्के फरक पडतोच. चाळीस पीएसच्या गाडीत अर्ध्या पीएसची वाढ ही वाढ नसून मोजमापातला कंप आहे.

आलेखात सर्वांत आधी टॉर्कची रेषा पाहावी, ताकदीचा वरचा आकडा नंतर. आपण जिथे गाडी चालवतो त्या आरपीएमच्या पट्ट्यात रेषा उचलली गेली आहे का, खड्डे बुजले आहेत का, हे महत्त्वाचे. मग लॅम्डाची रेषा: ती वरखाली उड्या न मारता सरळ चाललेली असावी. आंशिक थ्रॉटलचे आलेख मागून घ्यावेत. ट्यूनरने ते काम खरोखर केले असेल तर त्याच्याकडे ते असतातच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत दोन रनमध्ये मोठा पंखा चालू आहे का आणि इंजिनाला उसंत मिळते का, याकडेही लक्ष ठेवावे. तापलेल्या इंजिनावर घेतलेली 'आधीची' रन आणि थंड इंजिनावर घेतलेली 'नंतरची' रन यातून हवी तशी वाढ दाखवता येते.

पैसे चुकते करण्यापूर्वी गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवून पाहावी आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर सुरू करून पाहावी, कारण कोल्ड स्टार्टचा दोष डायनोवर दिसत नाही. थोड्या दुरुस्तीसाठी पुन्हा यावे लागले तर ती विनाशुल्क असेल का हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. एक महिना अ‍ॅव्हरेजची नोंद ठेवावी. तो दहा टक्क्यांहून अधिक पडला आणि चालवण्याची पद्धत बदललेली नसेल, तर मंद थ्रॉटलचा भाग रिच राहिला आहे असे समजून परत जावे.

मूळ मॅपची आणि नव्या मॅपची अशा दोन्ही फाइली आपल्याकडे ठेवाव्यात, आणि पिगीबॅक असेल तर त्याच्या जोडणीची छायाचित्रे काढून ठेवावीत. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना ईसीयूचे अपडेट करू नये असे जॉबकार्डवर लिहून घ्यावे, कारण त्या अपडेटने फ्लॅश केलेला मॅप पुसला जातो आणि तो परत बसवायला ट्यूनर नव्याने पैसे मागू शकतो. गाडी विकताना नव्या मालकाला मॅपची माहिती द्यावी, किंवा मूळ सायलेन्सर आणि मूळ फाइल बसवून गाडी द्यावी. पिगीबॅक उपकरण मात्र काढून वेगळे विकता येते, आणि ट्यूनिंगवर घातलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष परत मिळणारा भाग बहुधा तेवढाच असतो.